काचेच्या नळीतलं रक्त

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



भूल देणाऱ्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की श्रोते झोपणार, हा विनोद ठरलेला असतो. तो मी आधीच करून टाकते, म्हणजे आभार मानणाऱ्यांना वेगळा शोधावा लागेल.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या सरांबरोबर मी अकरा वर्षं काम केलं. त्यांच्या स्मृतिदिनी निरोगी दिनचर्येवर बोललं असतं तर तुम्हाला घरी नेण्यासारखं काही मिळालं असतं. पण सरांनी मला एकदा एक काचेची नळी दाखवली होती. तिचा अर्थ नीट कळायला मला पुढची सतरा वर्षं लागली. आज त्या नळीबद्दलच बोलते.

1986 सालचा जुलै. महामार्गावर दोन ट्रक समोरासमोर आदळले. एका ट्रकचा क्लीनर, वय वर्षं एकोणीस, तासभर केबिनमध्ये अडकून पावसात भिजत पडला होता. टेम्पोत घालून त्याला आमच्या रुग्णालयात आणलं तेव्हा कंबरेचं आणि मांडीचं हाड मोडलेलं, अंग गार आणि नाडी हाताला लागत नव्हती. मी नुकतीच पदवी घेऊन आलेली. पुस्तकात होतं तसं केलं. दोन्ही हातांना जाड सुया लावल्या आणि सलाइन सोडलं. एक बाटली, दुसरी, तिसरी. आठवी संपली तेव्हा बीपी 110 वर आलं होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

मग रक्त यायला लागलं. आधी थांबलेल्या जखमेतून, मग जिथे जखम नव्हती तिथून. सर टाका घालत होते आणि टाक्याच्या सुईने पडलेल्या भोकातून रक्त झिरपत होतं. माझी सलाइनची सुई जिथे होती तिथून, हिरड्यांतून, लघवीच्या नळीतून. त्याला रंग होता, दाटपणा नव्हता. आगळात पाणी जास्त झालं की दिसतं तसं. रक्तपेढी दोन तासांवर. पोलीस लाइनीतले दोघे धावत आले, त्यांचं रक्त जुळवून चढवलं, पण तोवर उशीर झाला होता. पहाटे तीनच्या सुमारास तो गेला.

सरांनी मधेच कधीतरी त्याचं थोडं रक्त एका काचेच्या नळीत घेऊन खिडकीत उभं करून ठेवलं होतं. घोणस चावलेला रुग्ण आला की आम्ही ही परीक्षा करायचो. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असेल तर ठीक, नसेल तर विष भिनलंय. सरांनी ती नळी माझ्यासमोर तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

"बाई, याला काय घोणस चावली होती?" सर म्हणाले.

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते देता आलं नसतं.

रक्त साकळतं म्हणजे काय होतं, ते आधी थोडक्यात. आपल्याकडे पावसाळा संपता संपता ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, त्या रचायच्या, फटींत माती लिंपायची. रक्तवाहिनी फाटली की शरीर असाच बंधारा घालतं. प्लेटलेट या वाळूच्या गोण्या, त्या आधी येऊन बसतात. मग रक्तद्रवातले घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात. त्या धाग्यांची जाळी गोण्यांना बांधून धरते. हे काम रक्तातल्या तांबड्या पेशींचं नव्हे, हे लक्षात ठेवा. 'रक्त चढवलं' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लाल पिशवी असते. बंधाऱ्याचं सामान मात्र बहुतेक पिवळ्या पिशवीत, म्हणजे रक्तद्रवाच्या, प्लाझ्माच्या पिशवीत असतं.

शरीरात बंधारा बांधणारे आहेत तसे तो मोडणारेही आहेत, आणि ते हवेतच. नाहीतर एका जखमेपायी सगळ्या रक्तवाहिन्या तुंबतील. धागे विरघळवणारं प्लाझ्मिन आणि गोठण्याची साखळी थांबवणारं प्रोटीन सी ही त्या बाजूची माणसं. दोन्ही बाजूंचं भांडण सतत चालू असतं, म्हणून आपण रक्तस्रावानेही मरत नाही आणि गुठळीनेही.

आता त्या रात्रीचा हिशेब करा. आठ बाटल्या म्हणजे चार लिटर खारं पाणी. धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त पाच लिटर. ओढ्यावर गोण्या रचणं चालू असताना मी वरून धरण सोडलं. पाण्याची पातळी वाढली, ती बीपीच्या आकड्यात दिसली आणि मला आनंद झाला. त्याच पातळीने कच्चा बंधारा वाहून गेला. शिवाय उरलेलं सामान पातळ झालं. पाणी खोलीच्या तापमानाचं, म्हणजे अंगापेक्षा गारच. रक्त गोठवणारी विकरं 37 अंशांना काम करायला बनलेली आहेत, शरीर 34 अंशांवर उतरलं की ती आळसावतात, प्लेटलेटही सुस्त होतात. ऊतींना प्राणवायू मिळेना की रक्तात आम्ल साठतं, आणि आम्लात ही विकरं आणखी मंदावतात. गारठा, आम्ल आणि न गोठणारं रक्त, यांतलं प्रत्येक दुसऱ्याला वाढवतं. शल्यचिकित्सेत या तिघांना मृत्यूचं त्रिकूट म्हणतात.

बराच काळ आम्हाला वाटायचं की उत्तर एवढंच आहे. दोष आपला, सलाइनचा, गारठ्याचा. म्हणजे जखमी माणूस दारात येतो तेव्हा त्याचं रक्त चांगलं असतं आणि आपण ते बिघडवतो.

2003 साली लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधल्या करीम ब्रोही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1088 जखमींच्या नोंदी छापल्या. या रुग्णालयाचे डॉक्टर हेलिकॉप्टरने अपघाताच्या जागी उतरतात, त्यामुळे रुग्ण फार लवकर हाती येतात. दारात पाऊल ठेवतानाच दर चारांतल्या जवळजवळ एकाचं रक्त नीट गोठत नव्हतं. त्यांना सलाइन किती दिलं याच्याशी त्या बिघाडाचा संबंध लागत नव्हता, जखम किती मोठी याच्याशी लागत होता. रक्त बिघडलेल्यांत 46 टक्के दगावले, न बिघडलेल्यांत 10.9 टक्के. ते पान वाचताना मला खिडकीतली नळी दिसली. घोणस चावली होती, सर. ती बाहेरची नव्हती, एवढंच.

खूप मोठी इजा आणि त्यासोबत शॉक, म्हणजे ऊतींना रक्त न पोहोचणं, ही दोन्ही एकत्र आली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पिसाळतं. ते प्रोटीन सीला जागं करतं. प्रोटीन सी गोठण्याच्या साखळीतले दोन महत्त्वाचे दुवे तोडतं आणि प्लाझ्मिनवरचा लगाम सैल करतं. अस्तरावरचा बारीक, लवेसारखा थर सोलवटून रक्तात मिसळतो, त्यात रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनसारखे पदार्थ असतात. फायब्रिनोजेन सगळ्यांत आधी खालावतं. प्लेटलेटची संख्या पुरेशी दिसते, पण त्या काम करीत नाहीत, ऑफिसात हजेरी लावून बसलेल्या बाबूंसारख्या. आणि हे सगळं तासाभराच्या आत. शरीर असं स्वतःच्या जिवावर का उठतं? वाहणं मंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून केलेला हा उपाय असावा, असं एक मत आहे. मला ते पटतं. लहान जखमेला तो उपयोगी पडत असेल. निसर्गाच्या हिशेबात ट्रक नव्हता.

इथे थोडं मागे जाते, कारण रक्त देण्याची विद्या जवळजवळ सगळी युद्धात शिकलेली आहे. 1901 च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांना रक्तगट सापडले. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच सुमारास सोडियम सायट्रेट मिसळलं की बाटलीतलं रक्त गोठत नाही हे कळलं. 1917 मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने ओ गटाचं रक्त बर्फाच्या पेटीत साठवून आघाडीजवळ नेलं. जखमी व्हायच्या आधीच त्याच्यासाठी रक्त काढून ठेवायचं, ही कल्पना तिथली. स्पेनच्या यादवीत कॅनडाचे नॉर्मन बेथून गाडीतून रक्त फिरवत. हेच बेथून पुढे चीनला गेले, 1939 मध्ये शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेच्या जंतुसंसर्गाने वारले, आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे आपल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांनी वाहिली. कोटणीसही 1942 च्या डिसेंबरात गेले, वय अवघं बत्तीस. सरांच्या टेबलाच्या काचेखाली कोटणीसांचं एक कात्रण असायचं, म्हणून हे आठवलं.

तोवर रक्त म्हणजे सबंध रक्त. शरीरातून निघालं तसंच, सगळ्या सामानासह. पुढे ते यंत्रात फिरवून त्याचे भाग करायला आपण शिकलो. त्यात शहाणपण आहे. एका दात्याचं रक्त तिघांना पुरतं, अॅनिमिया असलेल्या बाईला फक्त तांबड्या पेशी द्याव्यात, डेंगीच्या रुग्णाला प्लेटलेट. पण घळाघळा रक्त वाहणाऱ्या माणसालाही आम्ही आधी तांबड्या पेशीच देत राहिलो. प्लाझ्मा नंतर, प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर. अहवाल येईपर्यंत रुग्ण थांबत नसे.

हे उलटं करायला पुन्हा युद्धच लागलं. बगदादमधल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात प्रचंड रक्त द्यावं लागलेल्या 246 जखमींचा अभ्यास 2007 मध्ये छापून आला. प्रचंड म्हणजे चोवीस तासांत दहा किंवा अधिक पिशव्या. ज्यांना आठ लाल पिशव्यांमागे एक पिवळी मिळाली त्यांतले 65 टक्के दगावले. साधारण दीडास एक या प्रमाणात मिळाली त्यांतले 19 टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच सावध राहावं. जो लवकर मरतो त्याला प्लाझ्मा मिळायला वेळच मिळत नाही, मग प्लाझ्मा न मिळाल्याने मेला की मेल्यामुळे मिळाला नाही? याचा निवाडा करायला अमेरिका-कॅनडातल्या बारा रुग्णालयांनी 680 जखमींवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. प्लाझ्मा, प्लेटलेट आणि तांबड्या पेशी एकास एकास एक देणं, विरुद्ध तांबड्या पेशी दुप्पट. महिन्याभरातल्या एकूण मृत्यूंत ठाम फरक निघाला नाही. पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने जाणारे मात्र 14.6 टक्क्यांवरून 9.2 वर आले. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. गंमत अशी की तीन पिशव्या एकत्र केल्या तरी होतं ते मूळ रक्तापेक्षा पातळच, कारण प्रत्येकीत साठवणुकीचं द्रावण असतं. म्हणून लष्करी डॉक्टर आता पुन्हा सबंध रक्ताकडे वळले आहेत. त्या रात्री पोलीस लाइनीतल्या दोघांनी दिलेलं ताजं, कोमट रक्तच खरं योग्य होतं. आठ बाटल्यांच्या आधी हवं होतं. आज कायद्याने असं थेट रक्त देता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. 1986 मध्ये आम्ही त्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणीही करत नव्हतो.

आता एका बाईंची गोष्ट सांगते. तिच्यासाठी वेळ कमी पडला तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं उद्ध्वस्त टोकियो. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके प्रयोगशाळेत काम करत. त्यांना बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बायका वाचवायच्या होत्या. साहित्य नव्हतं, पैसा नव्हता. संशोधनासाठी रक्त हवं तर ते स्वतःचंच वापरत. मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं, तर उताको तिला पाठीशी बांधून प्रयोग करत. बंधारा बांधता येत नसेल तर निदान मोडणाऱ्याचे हात धरावेत, असा त्यांचा रोख होता. म्हणजे प्लाझ्मिनला अडवायचं. 1962 मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड जगापुढे ठेवलं. आपल्याकडे पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना त्याच्या गोळ्या देतात, तुमच्यापैकी काहींनी घेतल्याही असतील.

अपघातातल्या जखमींना ते द्यावं का, हे ठरायला मात्र जवळपास अर्धं शतक गेलं. जुन्या, स्वस्त औषधाच्या चाचणीवर पैसा लावण्यात कंपन्यांना रस नसतो. अखेर 'क्रॅश-2' ही चाचणी 40 देशांतल्या 274 रुग्णालयांत झाली, भारतातल्याही. रुग्ण वीस हजारांवर. 2010 चा निकाल असा, की मृत्यू 16 टक्क्यांवरून साडेचौदावर आले. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली पंधरा हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. एवढ्या संख्येपुढे दीड टक्का ठेवून पाहा. अट एकच, वेळेची. पहिल्या तासात दिलं तर फायदा सर्वांत जास्त, तीन तासांनंतर दिलं तर उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढतात. औषध तेच आणि माणूसही तोच असतो, बदलतं ते घड्याळ. म्हणून ते मोठ्या रुग्णालयाच्या कपाटात नव्हे, रस्त्यावर पहिल्यांदा जो भेटतो त्याच्या पेटीत हवं. उताको बाई 2016 मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. पुढच्याच वर्षी बाळंतिणींवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, आणि त्यांना मुळात जे साधायचं होतं ते बऱ्याच अंशी साधल्याचं सिद्ध झालं. हे मला फार लागतं.

हे सगळं कळूनही आपल्याकडे काय चालतं? अजूनही पुष्कळ ठिकाणी जखमी आला की रिवाजाने सलाइनच्या बाटल्या लागतात. 1994 मध्येच अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधून पुरावा आला होता, की छाती-पोटात गोळी किंवा सुरा लागलेल्यांना ऑपरेशन होईपर्यंत सलाइन न देता थांबलं तर जास्त वाचतात, 62 ऐवजी 70 टक्के. डोक्याला मार असेल तर हा हिशेब लावायचा नाही, तिथे बीपी पडू देऊन चालत नाही. बाकीच्यांत नाडी लागतेय, माणूस बोलतोय, एवढं बीपी पुरे. आधी रक्त येतंय ते भोक दाबा.

दुसरं, ऊब. ओले कपडे कापून काढा, कोरडं पांघरूण घाला, रक्त गरम करून द्या. आमच्याकडच्या एक मावशी कुणी न सांगता जखमीच्या अंगावर दोन रग टाकायच्या. त्यांनी जितके जीव वाचवले तितके माझ्या मॉनिटरने वाचवले असतील का, शंका आहे. तिसरं कॅल्शियम. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट रुग्णाच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही, हृदयही मंदावतं. भराभर पिशव्या लावताना हे इंजेक्शन विसरलं की दिलेलं रक्तही वाहून जातं. हे मी एकदा विसरले आहे.

मोठ्या शहरांत आता थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीचं यंत्र आलंय. रक्त किती वेळात गोठतं, गुठळी किती घट्ट आहे, ती विरघळतेय का, हे त्याच्या पडद्यावर आलेखात दिसतं. हेल्मुट हार्टर्ट यांनी ते 1948 मध्ये जर्मनीत बनवलं. सरांची काचेची नळी म्हणजे त्याचीच गरीब चुलत बहीण, आणि अजूनही ती तालुक्यात उपयोगी पडते.

उरतो प्रश्न रक्त येणार कुठून हा. 'आधी रक्ताची सोय करा' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आईच्या उशाशी बसायचं सोडून मुलगा रात्री चिठ्ठी घेऊन रक्तपेढ्या हिंडतो. पैसे घेऊन रक्त विकणं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून बंद झालं, हे फार चांगलं झालं. पण त्याच्या जागी बदली रक्त द्यायला नातेवाइकांना पळवणं राहिलंच. प्लाझ्मा उणे तापमानात गोठवून ठेवतात. तो वितळायलाच वीस-तीस मिनिटं जातात. दिलेल्या रक्ताच्या तपासण्यांना काही तास लागतात. म्हणजे अपघात झाल्यावर रांग लावून दिलेलं रक्त त्या अपघातातल्या माणसाला बहुधा मिळत नाही. त्याला मिळतं ते गेल्या आठवड्यात कुणीतरी दिलेलं. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला गर्दी लोटली. त्या माणुसकीला माझा नमस्कार. पण आधीच्या आठवड्यात ती गर्दी कुठे होती, असाही प्रश्न रक्तपेढीत काम करणाऱ्याच्या मनात येतो.

आपल्याकडे रक्तदान शिबिरं कमी नाहीत. साहेबांचा वाढदिवस असला की तीनशे पिशव्या, सोबत बॅग किंवा हेल्मेट भेट, फोटो. तांबड्या पेशी द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच दिवस. एका दिवसात तीनशे पिशव्या आल्या की महिना-दीड महिन्यात बऱ्याच मुदतबाह्य होतात, आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, दिवाळीत माणसं गावी गेली असताना, रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. ऊन वाढतं तशी रस्त्यावरची गर्दीही वाढते, लग्नसराईची वऱ्हाडं घाट उतरत असतात. म्हणजे गरज जास्त असते तेव्हाच साठा कमी. इतक्या वर्षांत हे वेळापत्रक कुणी बदललेलं मी पाहिलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. बाहेर ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, रक्तगट आणि फोन लिहून ठेवा. वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. ओ गट असेल तर त्यापुढे फुली करा, कारण जुळवाजुळवीला वेळ नसताना आम्ही ओ गटाच्याच लाल पिशव्या लावतो. पुरुषाला ओ पॉझिटिव्हही चालतं, तरुण बाईला मात्र ओ निगेटिव्हच द्यावं लागतं. एबी गटाचे लोक रक्तपेढीत नेहमी मागे बसतात, आपलं रक्त कुणाला लागणार म्हणून. त्यांनी आवर्जून लिहावं, त्यांचा प्लाझ्मा कुणालाही देता येतो.

आज रक्त देऊ नका. उद्या सरांच्या स्मृतिदिनानिमित्त शिबिर आहे, तिथेही गर्दी करू नका, लागतील तेवढे दाते आधीच ठरलेले आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर उन्हात, फोन येईल. तेव्हा या.